पेशीचा सांगाडा सारखा मोडतो कशासाठी?

सूक्ष्मिका (धागाकर्ती)

जीवशास्त्राच्या पुस्तकांत पेशीच्या सांगाड्याचं, म्हणजे सायटोस्केलेटनचं, एक ठरलेलं चित्र असतं. तीन रंगांचे तीन धागे आणि खाली त्यांची जाडी: ॲक्टिन ७ नॅनोमीटर, मधले तंतू १० नॅनोमीटर, सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर. मुलं आकडे पाठ करतात, कार्य म्हणून 'पेशीला आकार व आधार देणे' असं लिहितात, गुण मिळतात आणि विषय संपतो. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे, आणि तो असा संपतो याची मला मनापासून हळहळ वाटते. त्या चित्रात चुकीचं काही नाही, फक्त त्यात वेळ दिसत नाही. यातले दोन प्रकारचे तंतू क्षणोक्षणी एकीकडे बांधले जात असतात आणि दुसरीकडे सुटत असतात. या उलाढालीवर पेशी भरपूर ऊर्जा खर्च करते. ती का करते हे कळलं, की बाकीचा विषय आपोआप उलगडतो. म्हणून हा धागा काढला.

आधी ॲक्टिन. ३७५ अमिनो आम्लांचं हे छोटंसं प्रथिन. १९४२ साली हंगेरीत, सेगेडला, आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी ते स्नायूतून वेगळं केलं. त्यामुळे बरीच वर्षं ते 'स्नायूंचं प्रथिन' म्हणूनच ओळखलं गेलं. प्रत्यक्षात ते केंद्रक असलेल्या जवळजवळ सगळ्याच पेशींत सापडतं. यीस्टचं आणि आपल्या स्नायूतलं ॲक्टिन ८५ टक्क्यांहून जास्त सारखं आहे, इतकं उत्क्रांतीने ते जपलं आहे.

प्रत्येक ॲक्टिन रेणूच्या खाचेत एक एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा छोटा रेणू, बसलेला असतो. असे रेणू एकमेकांना लागत गेले की दुपदरी पिळाचा तंतू तयार होतो. या तंतूची दोन टोकं सारखी नसतात. अधिक टोकाला रेणू झपाट्याने लागतात, उणे टोकाला सावकाश. तंतूत शिरल्यावर थोड्या वेळाने एटीपीचा एक फॉस्फेट सुटतो आणि एडीपी उरतो. एडीपीवाला रेणू तंतूत तितकासा घट्ट बसत नाही, लवकर निसटतो. मोकळ्या ॲक्टिनचं प्रमाण एका ठरावीक पट्ट्यात असेल, तर अधिक टोकाची भर आणि उणे टोकाची गळती बरोबरीने चालते. तंतूची लांबी तेवढीच राहते, आतले रेणू मात्र एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत राहतात. याला ट्रेडमिलिंग म्हणतात.

आता सरपटणाऱ्या पेशीची पुढची कड जरा जवळून बघू. तिथे एआरपी २/३ नावाचा प्रथिनसमूह जुन्या तंतूच्या कुशीवर बसतो आणि सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढून देतो. फांदीचं वाढतं टोक पेशीपटलाकडे असतं. पटल उष्णतेमुळे कायम थरथरत असतं. थरथरताना ते किंचित मागे हटलं की त्या फटीत नवा रेणू शिरतो, तंतू २.७ नॅनोमीटरने लांबतो आणि पटलाला आता परत जुन्या जागी येता येत नाही. अशा हजारो फांद्यांनी मिळून पेशीची कड पुढे सरकते. तिकडे मागच्या बाजूला कोफिलिन नावाचं प्रथिन जुने, एडीपीवाले तंतू तोडतं. सुटलेल्या रेणूंत पुन्हा एटीपी भरला जातो, प्रोफिलिन हे दुसरं प्रथिन त्यांना धरून असतं आणि ते परत पुढच्या कडेला कामाला येतात. मागचं तुटलं नाही, तर पुढे लावायला काही काळात माल उरणार नाही.

सूक्ष्मनलिकेची गोष्ट याहून नाट्यमय आहे. अल्फा आणि बीटा ट्युब्युलिनची जोडी, लांबी ८ नॅनोमीटर. अशा जोड्यांच्या साधारण १३ रांगा शेजारी शेजारी जुळून पोकळ नळी होते. इथे एटीपीऐवजी त्याच्यासारखाच जीटीपी असतो. जोडी नळीत बसल्यावर बीटाचा जीटीपी फुटून जीडीपी होतो. जीडीपीवाल्या जोडीला वाकायचं असतं, पण आजूबाजूच्या रांगा तिला सरळ धरून ठेवतात. म्हणजे नळीच्या भिंतीत ताण साठत जातो. टोकावर ताज्या जीटीपीवाल्या जोड्यांची टोपी शाबूत आहे तोवर सगळं ठीक. टोपी गेली की रांगा बाहेरच्या बाजूला वळत सुटतात आणि नळी वाढली होती त्याच्या कितीतरी पट वेगाने कोसळते. मध्येच तिचं कोसळणं थांबतं आणि ती पुन्हा वाढायलाही लागते.

हे १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क किर्शनर यांनी दाखवलं. त्यांनी द्रावण पातळ करून नळ्या मोजल्या. नळ्यांची संख्या घटत होती, आणि उरलेल्यांची सरासरी लांबी मात्र वाढत होती. म्हणजे त्याच बशीत, त्याच द्रावणात काही नळ्या वाढत होत्या आणि काही कोसळत होत्या. दोनच वर्षांनी जपानमध्ये होरिओ आणि होतानी यांनी एकेकट्या नळीचं हे वाढणं-कोसळणं सूक्ष्मदर्शीखाली प्रत्यक्ष पाहिलं.

आता मुख्य मुद्दा. नळी बांधायला जीटीपी फोडावा लागत नाही. जीटीपीसारखाच पण न फुटणारा रेणू दिला तरी नळ्या होतात, आणि चांगल्या टिकतात. जीटीपी फोडण्याचा सगळा खर्च नळी मोडता यावी यासाठी आहे. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्र कुठे आहे हे नळीला माहीत नसतं. अंधारात भिंतीवर हात फिरवत बटण शोधावं तशी ती एका दिशेला वाढते, काही लागलं नाही तर मागे येते, दुसरीकडे जाते. गुणसूत्राचा कायनेटोकोर, म्हणजे नळी जिथे जोडली जाते ती जागा, सापडला की ती नळी टिकते, बाकीच्या जातात. मोडता न येणाऱ्या नळ्यांना असा शोध घेताच आला नसता.

मधले तंतू म्हणजे इंटरमीजिएट फिलामेंट: केराटिन, व्हायमेंटिन, डेस्मिन, चेतापेशीतले न्यूरोफिलामेंट, केंद्रकाच्या आतल्या बाजूचे लॅमिन. हे दोरासारखे असतात, चिवट असतात, ओढ सहन करतात. त्यांना एटीपी किंवा जीटीपी लागत नाही.

प्रश्न विचारा, भर घाला. आकडे पाठ करण्यापलीकडे हा विषय जावा एवढीच इच्छा.

उत्सुक_मी

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. सगळं सारखं मोडतंच असेल, तर पेशीचा आकार टिकतो कसा? काही मिनिटांनी पेशी वेगळीच दिसायला हवी ना?

सूक्ष्मिका

@उत्सुक_मी, काही पेशी खरंच वेगळ्या दिसतात! जिवाणूच्या मागे लागलेली पांढरी पेशी दर मिनिटाला निराळी असते. १९५०च्या दशकात डेव्हिड रॉजर्स यांनी न्यूट्रोफिल जिवाणूचा पाठलाग करतानाचं चित्रण केलं होतं, ते आजही वर्गात दाखवतात. तांबड्या पेशींच्या गर्दीतून ती वळणं घेत जाते. दर वळणाला पुढचं जाळं सुटतं आणि नव्या दिशेला नवं बांधलं जातं.

पण तुमचा प्रश्न शांत बसलेल्या पेशींबद्दलही आहे. तिथे भर आणि गळती एकमेकींना तोलून असतात, म्हणून आकार टिकतो. तंतू बदलतात, रचना राहते. सगळीकडे वेगही सारखा नसतो. सरपटणाऱ्या पेशीच्या कडेला ॲक्टिन रेणूचा मुक्काम काही सेकंदांपासून मिनिटभराचा. याउलट आपल्या आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशींवर ज्या सूक्ष्म काड्या असतात, त्यांच्या गाभ्यातलं ॲक्टिन दीर्घकाळ तसंच राहतं, उलाढाल मुख्यतः टोकाशीच होते. प्रथिन एकच. त्याला बांधणारी, टोपी घालणारी आणि तोडणारी प्रथिनं कोणती हजर आहेत, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

जुनं_खोड

धागा आवडला. विज्ञानाचा विद्यार्थी नाही, पण विषय वेगळ्या कारणाने जवळचा आहे. पत्नीला कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. डॉक्टरांनी समजावताना 'हे औषध पेशीतल्या नळ्यांवर काम करतं' असं सांगितलं होतं. पुढे तिच्या बोटांना आणि तळपायांना मुंग्या यायला लागल्या, शर्टाची बटणं लावणं अवघड झालं. त्या नळ्या म्हणजे याच का? आणि औषध गाठीवर, तर त्रास बोटांना का?

स्लाइडवाला

@जुनं_खोड काका, हो, याच नळ्या. मी पॅथॉलॉजीत आहे, तेव्हा इथे मी लिहितो.

पॅक्लिटॅक्सेल बीटा ट्युब्युलिनला नळीच्या आतल्या बाजूने चिकटतं आणि नळीला मोडूच देत नाही. १९७९ साली सुसान हॉर्विट्झ यांच्या गटाने हे दाखवलं, तेव्हा ते अनपेक्षित होतं, कारण तोवर माहीत असलेली औषधं नळ्या बनू देत नसत. विभाजनाला निघालेल्या पेशीला गुणसूत्रं दोन्ही ध्रुवांना नीट जोडून घ्यायची असतात. सगळी जोडली गेल्याची खात्री पटेपर्यंत पेशी पुढे सरकत नाही. नळ्या गोठल्या की ही जुळणी होत नाही, पेशी तिथेच अडकते आणि अनेकदा मरते. हे गाठीतल्या पेशींबाबत होतं आणि केसांच्या मुळांशी वेगाने वाढणाऱ्या पेशींबाबतही, म्हणून केस जातात.

मुंग्यांचं कारण वेगळं. चेतापेशी विभाजित होत नाही, पण तिच्या लांबलचक तंतूत सूक्ष्मनलिकाच वाहतुकीचे मार्ग असतात. औषधाने ती वाहतूक बिघडते. सर्वांत लांब चेतातंतू पायाच्या आणि हाताच्या बोटांपर्यंत जातात, त्यामुळे झळ आधी तिथेच लागते. पुष्कळ जणांना औषध थांबल्यावर हळूहळू उतार पडतो, काहींना त्रास मागे राहतो. पत्नींना अजून त्रास असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगा. बटणं लावता येत नाहीत ही बारीकसारीक तक्रार नाही, मात्रा ठरवताना त्यांना ती माहिती लागते.

जुनं_खोड

आभार. इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. आता बराच उतार आहे.

रानवाटा

स्लाइडवाले, तुमच्या प्रतिसादाला वनस्पतींच्या बाजूने जोड देते. सूक्ष्मनलिकांवर हल्ला करणारी बरीचशी रसायनं झाडांनी बनवलेली आहेत. पॅक्लिटॅक्सेल मुळात पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून मिळालं. व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन सदाफुलीतून. कोल्चिसिन कोल्चिकम नावाच्या कंदवर्गीय वनस्पतीतून, आणि आपल्या ओळखीच्या कळलावीतही ते असतं. कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावतात ती यामुळेच, त्यामुळे कृपा करून कुणी घरगुती औषध म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

ट्युब्युलिन हे प्रथिन सापडलं तेही कोल्चिसिनमुळे. १९६७ साली गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून ते पेशीत कशाला चिकटतं हे शोधलं, आणि हाती लागलं ते नळ्यांचं घटक प्रथिन. पुढच्या वर्षी हिदेओ मोहरी यांनी त्याला ट्युब्युलिन नाव दिलं.

सूक्ष्मिका

@रानवाटा, फार चांगली जोड. यात एक गोष्ट अधोरेखित करते. व्हिनब्लास्टिन, व्हिनक्रिस्टिन आणि कोल्चिसिन नळ्या बनू देत नाहीत, पॅक्लिटॅक्सेल मोडू देत नाही. परिणाम उलटे, आणि विभाजनाला निघालेली पेशी दोन्हींत सारखीच अडकते. नळ्या नुसत्या आधारासाठी असत्या, तर त्या पक्क्या करणाऱ्या औषधाने पेशीचं भलं व्हायला हवं होतं.

गणितवेडा

चेतातंतूतल्या वाहतुकीचा विषय निघालाच आहे तर थोडा हिशोब मांडतो.

पेशीद्रवात एखादं प्रथिन आपलं आपण भरकटत जातं तेव्हा लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विसरण गुणांक, म्हणजे हे भरकटणं किती जलद होतं याचं माप, सेकंदाला १० वर्ग मायक्रोमीटर धरा. साध्या पेशीत १० मायक्रोमीटर जायला एका दिशेत साधारण ५ सेकंद. छान आहे, कुणाच्या मदतीची गरज नाही. आता हेच कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत, एक मीटर धरून करा. उत्तर येतं ५ अब्ज गुणिले १० सेकंद, म्हणजे १,५०० वर्षांहून जास्त. पुटिकेसारख्या (पेशीतल्या मालाच्या पिशवीसारख्या) मोठ्या वस्तूला तर याहूनही कितीतरी अधिक.

आता सूक्ष्मनलिकेवरून माल घेऊन चालणारं मोटर प्रथिन, कायनेसिन, घ्या. सेकंदाला सुमारे ०.८ मायक्रोमीटर. एक मीटरला साधारण दोन आठवडे. प्रत्यक्ष चेतातंतूत सर्वांत वेगवान माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो असं मोजलं गेलं आहे, म्हणजे अडीच दिवस. दीड हजार वर्षं आणि अडीच दिवस हा फरक या नळ्यांचा आणि त्यांवरच्या मोटरींचा आहे. लांब चेतापेशी असलेला कुठलाही प्राणी यांच्याशिवाय शक्यच नव्हता.

कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे ट्युब्युलिनच्या एका जोडीएवढं. दर पावलाला एक एटीपी. साधारण ६ पिकोन्यूटनपर्यंतच्या विरोधाविरुद्ध ते चालू शकतं. एका एटीपीतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी कामी लागते. हा आकडा मी जेव्हा पहिल्यांदा काढून पाहिला, तेव्हा थक्क झालो होतो.

मृदुल_ए

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कायनेसिन चालतानाचे ॲनिमेशन पाहिले आहेत, दोन पायांवर ऐटीत चालतं आणि मागे मोठा फुगा ओढतं. खरंच तसं असतं का?

सूक्ष्मिका

@मृदुल_ए, दोन 'पाय' आणि आळीपाळीने पुढे पडणारी पावलं, हे खरं आहे. मागचं डोकं १६ नॅनोमीटर पुढे जाऊन पडतं, त्यामुळे माल ८ नॅनोमीटर सरकतो. एक डोकं कायम नळीला धरून असतं, म्हणून ते चालता चालता सहज सुटत नाही.

त्या ॲनिमेशनमध्ये गाळलेली गोष्ट म्हणजे धक्काबुक्की. पाण्याचे रेणू त्या प्रथिनावर चहूबाजूंनी सतत आदळत असतात. सुटलेलं डोकं ऐटीत पुढे पडत नाही, ते वेड्यावाकड्या हेलकाव्यांत पुढची जागा शोधतं. एटीपीचं काम असं की, नळीला धरलेल्या डोक्यात तो बसला की मानेचा एक छोटा पट्टा पुढच्या दिशेने चिकटतो आणि त्या हेलकाव्यांचा कल पुढे झुकतो. हे सगळं सेकंदाला शंभरेक वेळा. ॲनिमेशनमध्ये आजूबाजूची जागाही मोकळी दाखवतात. खरी पेशी प्रथिनांनी खच्चून भरलेली असते.

कायनेसिन १९८५ मध्ये रॉन व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांना स्क्विडच्या अजस्र चेतातंतूवर काम करताना सापडलं. ते बहुतेक वेळा नळीच्या अधिक टोकाकडे जातं. उलट दिशेचं काम डायनिनचं. डायनिन त्याआधी, १९६५ मध्ये, इयान गिबन्स यांना पक्ष्माभिकांत म्हणजे सिलियांत, पेशीवरच्या हलत्या केसांसारख्या भागांत, मिळालं होतं. सिलियातलं डायनिन शेजारशेजारच्या नळ्या एकमेकींवर सरकवतं आणि त्यातून सिलिया वाकते. ते निकामी असेल तर श्वासमार्गातला कफ वर ढकलला जात नाही आणि शुक्राणू पोहत नाहीत. अशांपैकी जवळपास निम्म्या लोकांचं हृदय उजवीकडे असतं, कारण गर्भावस्थेत डावं-उजवं ठरवणारा द्रवाचा प्रवाहही सिलियाच निर्माण करतात.

स्लाइडवाला

आता जरा वाद घालतो. मूळ लेखात मधल्या तंतूंना अवघ्या तीन ओळी मिळाल्या आहेत आणि हे मला मान्य नाही. 'मोडता येणं हेच मुख्य' या मांडणीत ते बसत नाहीत म्हणून ते बाजूला पडले, असं मला वाटतं. माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या आजारांत त्यांचाच वाटा मोठा असतो.

त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत केराटिन ५ आणि केराटिन १४ जोडीने तंतू बनवतात. यातल्या एकात बिघाड असला की एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स होतो. अशा बाळाला नुसतं उचललं, कपडा घासला, तरी फोड येतात. सूक्ष्मदर्शीखाली बघितलं तर फोड दोन पेशींच्या सांध्यात फाटलेला नसतो. पेशीच मधोमध फाटलेली असते. वरचा भाग फोडाच्या छताला, खालचा तळाला. १९९१ पर्यंत त्वचेत केराटिन आहे हे माहीत होतं, पण ते नक्की काय करतं याचा थेट पुरावा या आजाराने दिला. ॲक्टिन आणि नळ्या त्या बाळाच्या पेशीत व्यवस्थित असतात. तरीही पेशी फाटते.

दुसरं उदाहरण लॅमिन ए. याच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला की प्रोजेरिया होतो, मूल लहानपणीच म्हातारं दिसू लागतं आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने अकाली जातं. हा बदल २००३ मध्ये सापडला आणि २०२० मध्ये अमेरिकेत लोनाफार्निब या औषधाला मान्यता मिळाली. केंद्रकाच्या आतलं जाळं बिघडलं तर पूर्ण शरीर कोलमडतं.

आणि निदान. गाठ दुसरीकडून पसरून आलेली असेल आणि पेशी इतक्या बदललेल्या असतील की मूळ ओळखू येत नाही, तेव्हा आम्ही मधल्या तंतूंची रंगचाचणी करतो. केराटिन दिसलं तर आवरण पेशींकडे बोट, डेस्मिन दिसलं तर स्नायूंकडे. केराटिनांतही ७ आणि २० यांचा मेळ बघून शोध कुठे घ्यायचा हे ठरतं. पेशी बाकी सगळं विसरली तरी हे तंतू बरेचदा टिकून असतात.

सूक्ष्मिका

@स्लाइडवाला, हा प्रतिसाद मला वर्गात वाचून दाखवायचा आहे, परवानगी असावी. पेशी मधोमध फाटते हा तपशील कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त सांगून जातो.

वाद मात्र पुढे नेते. माझं म्हणणं असं की हे तंतू टिकाऊ आहेत ते त्यांच्या रचनेमुळे, आणि तीच रचना त्यांना बाकीच्या दोघांची कामं करू देत नाही. लांबट रेणू आधी दोन-दोनने गुंडाळले जातात, मग अशा दोन जोड्या एकमेकींना उलट्या दिशेने लागून चौकडी होते. उलट्या दिशेमुळे चौकडीची दोन्ही टोकं सारखीच. अशा आठ चौकड्या शेजारी शेजारी येऊन तंतूचा तुकडा बनतो. तंतूला अधिक-उणे टोक नाही, म्हणजे दिशा नाही, म्हणून त्यावरून चालणारी एकही मोटर माहीत नाही. पण लांबट रेणू एकमेकांना लांबवर बिलगून असल्याने ओढल्यावर ते घसरतात, उलगडतात. तंतू मूळ लांबीच्या दुपटीहून जास्त ताणला तरी तुटत नाही. ॲक्टिन आणि सूक्ष्मनलिका त्याच्या कितीतरी आधी तुटतात.

आणि हेही मोडतातच, फक्त हुकमावरून. विभाजनाच्या वेळी लॅमिनवर फॉस्फेट चिकटवले जातात, केंद्रकाचं जाळं सुटं होतं, आणि दोन नव्या केंद्रकांभोवती ते पुन्हा जुळतं.

स्लाइडवाला

दिशा नाही म्हणून मोटर नाही, हा मुद्दा पटला. परवानगी आहेच. तरी पुढच्या वेळी केराटिनला स्वतंत्र धागा हवा, यावर मी ठाम आहे.

गणितवेडा

+१, आणि माझा एक प्रश्न. नळी कोसळते तेव्हा भिंतीत साठलेली ऊर्जा वायाच जाते का?

सूक्ष्मिका

नाही! ती गुणसूत्र ओढते. कायनेटोकोर नळीच्या टोकाला इतक्या ठिकाणी आणि इतक्या सैलसर धरून असतो की टोक कोसळत असतानाही सुटत नाही, मागे मागे सरकत जातो. १९८८ मध्ये कोशलँड, मिचिसन आणि किर्शनर यांनी परीक्षानळीत, एटीपी जवळजवळ नसताना, नुसत्या कोसळत्या नळीबरोबर गुणसूत्रं सरकतात हे दाखवलं. जीटीपी फोडून भिंतीत साठवलेला ताण तिथे वसूल होतो.

मृदुल_ए

जिवाणूंत हे काहीच नसतं असं आमच्या पुस्तकात आहे. ते बरोबर आहे का?

सूक्ष्मिका

ते जुनं झालं. ट्युब्युलिनचा नातेवाईक एफटीएसझेड बहुतेक जिवाणूंत असतो, विभाजनाच्या जागी त्याचं कडं बनतं, हे १९९१ मध्ये दिसलं. ॲक्टिनचा नातेवाईक एमआरईबी दंडाकृती जिवाणूंचा आकार राखतो. काही जिवाणू तर आपलं ॲक्टिन वापरून घेतात. लिस्टेरिया पेशीत शिरला की त्याच्या अंगावरचं ॲक्ट-ए प्रथिन आपल्या एआरपी २/३ ला कामाला लावतं. त्याच्या मागे ॲक्टिनचं दाट शेपूट तयार होत जातं आणि तो पुढे ढकलला जातो, पटल फुगवत सरळ शेजारच्या पेशीत. पेशीबाहेर न पडल्यामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या हाती तो लागत नाही. ज्या यंत्रणेने न्यूट्रोफिल त्याचा पाठलाग करतो, त्याच यंत्रणेने तो पळतो.

रानवाटा

वनस्पतींचं राहिलं, ते मी लिहिते. आमच्या पेशींना भिंत असते, त्या सरपटत नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. प्राण्यांच्या पेशीत नळ्या बहुधा केंद्रकाजवळच्या एका जागेतून निघतात, वनस्पतिपेशीत अशी जागा नसते. नळ्या पेशीपटलाला आतून चिकटून, एकमेकींना समांतर ओळींत असतात. पटलातून सेल्युलोज विणणारे प्रथिनसमूह या नळ्यांच्या मागाने सरकतात आणि बाहेर सेल्युलोजचा धागा सोडत जातात. २००६ मध्ये हे जिवंत पेशीत प्रत्यक्ष दिसलं. नळ्या आडव्या असतील तर सेल्युलोजही आडवं बसतं, पेशीला रुंदीत फुगता येत नाही, मग ती उंचीत वाढते. खोड उंच होतं ते असं. कोल्चिसिन दिलं की ओळी मोडतात आणि पेशी गोल फुगते.

उत्सुक_मी

म्हणजे नळी गेली तरी तिने आखलेली भिंत मागे राहते?

रानवाटा

अगदी. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिनीत हे सर्वांत स्वच्छ दिसतं. पेशी मरण्याआधी नळ्यांचे पट्टे जिथे असतात, तिथेच भिंतीवर जाड वेटोळी बसतात. नंतर पेशी मरते, नळ्या, ॲक्टिन सगळं विरघळून जातं आणि वेटोळ्यांची पोकळ नळी तेवढी उरते.

मृदुल_ए

आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शीखाली ही वेटोळी दिसतील का? कोणता रंग वापरू?

रानवाटा

दिसतील. कोवळ्या खोडाचा उभा, शक्य तितका पातळ छेद घे. सॅफ्रॅनिन या रंगाने लिग्निन (भिंतीला कडक करणारं द्रव्य) असलेल्या भिंती लाल होतात, जादा रंग अल्कोहोलने धुऊन काढ. आधी कमी भिंगावर जलवाहिन्यांचा जुडगा शोध, मग ४० च्या भिंगावर जा. छेद जाड झाला तर वेटोळी एकमेकांवर येऊन गिचमिड दिसतं, तेव्हा चार-पाच छेद घेऊन त्यातला सर्वांत पातळ निवड. फोटो मिळाला तर इथेच टाक.